हौदातल्या गोगलगायी

शेजारच्या वहिनींनी दिलेल्या कमळाच्या मुळांना चिकटून पाणगोगलगायी आमच्या बागेतल्या हौदात आल्या आणि त्यांनी पानांची पार चाळण केली. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही. शत्रू असावा तर तोंडावर ओरडणारा. या मऊ, गप्प जातीशी भांडायचं तरी कसं? आज सकाळी एक उचलली, तर तिनं आपलं टणक झाकण माझ्या तोंडावर लावून घेतलं. माझंच खाऊन वर हा तोरा.

तेवढ्यात कुंपणापलीकडून वहिनींनी विचारलं, "भाऊजी, कमळ फुललं का हो?"

घरात शिरलो आणि दार धाडकन लावून घेतलं. गोगलगाय अजून मुठीतच होती, झाकण घट्ट मिटून.