पापडाच्या डब्यातलं प्लाझ्मिड

अख्ख्या रत्नागिरीत बेडकाला अहो-जाहो करणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे माझे मामा. कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे, पण केस कापून घेताना, मासळीबाजारात, जिथे म्हणून दोन माणसं उभी दिसतील तिथे त्यांचा वर्ग भरे. पावसाळ्यात विहिरीकडच्या डबक्यात अंडी दिसली की ती वाट बंद. मग आम्ही फणसाखालून वळसा घालून पाणी आणायचो. मामीची तपेली बेडूकमाशांनी भरलेली असत. "आमटी कशात करू, ते तुमच्या मंडळींनाच विचारा," असं ती म्हणे, आणि मामा खरोखरच तपेल्यात डोकावून बघत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या परदेशातल्या वर्गमित्राने पाकिटातून एक प्लाझ्मिड पाठवलं. दिसायला नुसता टीपकागदाचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने काढलेला रुपयाएवढा गोल. त्या गोलात वाळलेल्या थेंबात डीएनएची न दिसणारी कडी होती, तेच प्लाझ्मिड. मामा मामीच्या हातातली बांगडी काढून समजावत: ही कापायची, मध्ये एक जीन जोडायचा, पुन्हा गोल करायची. गर्भात पाठ कुठे, डोकं कुठे, याचा निरोप देणारा तो जीन. त्या निरोपाच्या प्रती काढून बेडकाच्या अंड्यात भलत्या बाजूला टोचल्या की पिल्लाला दोन डोकी फुटतात. बाजारातल्या कासाराने बांगडी उजेडात धरून विचारलं, "सर, पन सांधा कुठं दिसत नाय तो?" मामांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी तो परीक्षेत घातला.

निवृत्त होण्याआधी ते दोन डोक्यांचं पिल्लू एकदा स्वतःच्या हातून घडलेलं बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण अंड्यात टोचायची केसाहून बारीक सुई कॉलेजात नव्हती, आणि कितीही अर्ज केले तरी आली नाही. तोवर कागद ठेवायचा कुठे? आमच्याकडे पावसात पुस्तकांनाही बुरशी धरते. घरातली सगळ्यात कोरडी जागा म्हणजे चुलीवरच्या फळीवरचा पापडाचा डबा. मामीने पाकीट त्याच्या तळाशी ठेवलं. दोन पावसाळ्यांत पापड संपले, नवे भरले. सुईचा पत्ता नाही. निवृत्तीच्या महिन्यात मामांनी कात्रीने गोलाचे बरोबर दोन भाग केले आणि एक मुंबईला संशोधन करणाऱ्या आपल्या जुन्या विद्यार्थिनीला पाठवला. कागदाला हिंगाचा वास येतोय, पण प्रयत्न करते, असं तिचं पत्र आलं.

सहा-सात महिन्यांनी फोटो आला. एक शेपटी, दोन डोकी. मामा ओटीवर बसून कितीतरी वेळ तो बघत होते. शेजारीपाजारी जमले, पण त्या दिवशी त्यांनी कोणालाच काही समजावलं नाही. शेवटी म्हणाले, "छान आलेत हो. प्रत्यक्ष भेट व्हायला हवी होती." मला फार वाईट वाटलं.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी मी गेलो तेव्हा मामी नवे पापड डब्यात भरत होती. तळाशी ते पाकीट होतं, आत अर्धा गोल. अजून कशाला ठेवलंस, म्हणून मी विचारलं.

"सुई आली नि कागद सर्दलेला निघाला, तर काय सांगू रे त्यांना?" असं म्हणून तिने त्यावर पापड रचले आणि झाकण घट्ट लावलं.