बंद दारामागचा रेल्वेचा डबा

लग्न होऊन मी बेळगावहून बंगलोरला आले ते साठ सालाच्या आगेमागे. आमचे हे रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात ड्रॉइंग काढायच्या कामावर होते. मल्लेश्वरमला एका अंगणाभोवती पाच बिऱ्हाडं, त्यातलं एक आमचं. समोरच्या बिऱ्हाडात एक वयस्क अक्का होत्या. त्या दिवसभर उंबऱ्यात बसून फुलं ओवायच्या आणि अंगणातून कोण आलं, कोण गेलं, सगळं त्यांना ठाऊक असायचं.

कारखान्यातला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ह्यांना एक खोकं देऊन गेला होता. त्यात रेल्वेच्या डब्याचे सुटे भाग होते: खिडक्या कापलेले पितळी पत्रे, लाकडी छत, चाकं, तारेच्या बारीक मुठी. सगळं जोडलं की हातभर लांबीचा हुबेहूब डबा व्हायचा. ह्यांनी दोन रविवार खटपट केली. एक बाजू तिरकी बसली आणि सांधे जोडायला वितळवलेल्या डाखाचे गोळे खिडक्यांवर साचले. ह्यांनी सगळं खोक्यात कोंबलं, खोकं कपाटावर टाकलं आणि बजावलं, त्याला कुणी हात लावायचा नाही. घरात ह्यांच्याशिवाय मी एकटीच होते.

माझे वडील सोनार. लहानपणी मी त्यांच्यासमोर बसून फुंकणी फुंकली होती, तुटलेल्या साखळ्यांच्या कड्या चिमट्यात धरून दिल्या होत्या. तो तिरका पत्रा माझ्या डोक्यातून जाईना. एका दुपारी मी खोकं खाली काढलं. वडिलांनी दिलेला चिमटा आणि कानस ट्रंकेत होतेच. गल्लीत स्टोव्ह दुरुस्त करणारा एक माणूस फिरायचा, त्याच्याकडे डाख द्यायचं लोखंड मागितलं. तो ते घेऊन आला, राळ आणि कथील कुठे मिळेल ते सांगून गेला. त्याच्या मागे मी दार लावून घेतलं. अक्कांनी बघितलं तर संध्याकाळी ह्यांच्या कानावर जाईल, एवढीच माझी भीती होती.

मग रोज दुपारी दार लावून मी बसायला लागले. इंग्रजी कागद मला वाचता येत नव्हता, पण चित्रं पुरेशी होती. आधी सगळा डाख तापवून उतरवला, पत्रा पाटावर ठेवून सरळ केला, मग एकेक कड पुन्हा जोडली. हे घरी यायच्या आत सगळं खोक्यात जायचं.

कधीतरी ह्यांचं वागणं बदललं. घरात आल्यावर उभं राहून वास घ्यायचे. राळेचा वास लवकर जात नाही. मी उदबत्ती लावायला लागले, तर उदबत्तीकडेच बघत राहायचे. एकदा जेवताना विचारलं, दुपारी कुणी येतं का. मला वाटलं, खोक्याचा सुगावा लागला. मी नाही म्हटलं. त्यानंतर ते नळावर अक्कांशी हळू आवाजात बोलताना दिसले आणि मला बघून गप्प झाले. मलाही संशय यायला लागला, की अक्का माझ्यावर नजर ठेवून आहेत. त्यांच्या खिडकीचं दार हललं तरी मी दचकायचे. आमच्या घरात दोन माणसं एकमेकांना चोरून बघत होती, आणि दोघांचे संशय वेगळे होते हे कुणालाच कळलं नव्हतं.

एका दुपारी दार जोरात वाजलं. उघडलं तर हे. तडक आत आले. स्वयंपाकघरात गेले, मोरीत डोकावले, दाराच्या मागे बघितलं. मग त्यांची नजर पाटावर गेली. शेगडीत लोखंड तापत होतं आणि पाटावर डबा उभा होता, छत लावायचं राहिलेला.

"हे कुणाकडून करून घेतलंस?"

"कुणाकडून नाही. मी केलं."

"तो माणूस कोण होता? अक्कांनी त्याला बघितलंय. तो गेल्यावर दार लागलं म्हणाल्या, आणि तेव्हापासून रोज लागतंय."

मोरीत ते काय शोधत होते, ते मला तेव्हा कळलं. मी लोखंडाकडे बोट दाखवून सांगितलं, हे द्यायला आलेला स्टोव्हवाला होता, उंबरासुद्धा ओलांडला नाही त्याने.

त्यांनी लोखंडाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग जमिनीवर बसले आणि म्हणाले, "करून दाखव."

डब्याच्या दाराखालची पायरी बसवायची होती. मी शेगडीतलं लोखंड उचललं. पायरी चिमट्यात धरली, राळ लावली, टोक टेकवलं. कथील चकाकून सांध्यात पळालं आणि थिजलं. ह्यांनी खिशातली पट्टी काढून खिडक्यांच्या रांगेला लावली. कुठेही फट दिसली नाही.

"सरळ आहे," ते म्हणाले. माफी मागितली नाही. मीही खोकं चोरून उघडल्याचा विषय काढला नाही.

त्यानंतरही ते अधूनमधून दुपारी अचानक यायचे. शेजारी बसायचे, पुढे पुढे भाग उचलून द्यायलाही लागले. ते डबा बघायला येत होते की मला, हे मला सांगता यायचं नाही. दार मात्र मी आता सताड उघडं ठेवायचे. अक्का एकदा स्वतःच आत आल्या, डब्याच्या खिडक्यांतून डोकावून बघितलं आणि माझ्याकडे न बघता केळीच्या पानातली फुलं ठेवून गेल्या.

डबा पुरा झाल्यावर कारखान्यातले दोघे चहाला आले. कुणी केला, असं त्यांनी विचारलं. "घरीच केला," हे म्हणाले. मी आतून ऐकलं. पाहुणे गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, माझं नाव घ्यायला काय झालं होतं? ते कपबशा गोळा करायला लागले. पुढच्या खेपेला कुणी विचारलं तेव्हा मात्र मान खाली घालून, "हिने," एवढं म्हणाले.

वर्षभराने त्यांनीच विचारलं, साहेबाला कळवून दुसऱ्या डब्याचे भाग मागवू का. मी म्हटलं, मागवा, पण माझी एक अट आहे. दुपारी यायचं असेल तर सकाळी सांगून यायचं.

बंगलोरला राहून इथल्या दुकानदारांसारखं ‘बरं’ कानडीतून म्हणायची सवय त्यांना लागली होती. थोडा वेळ पट्टी बोटांत फिरवत राहिले आणि म्हणाले, "सरी."