अठ्ठावन्नाव्या वर्षी कळंबच्या टेकडीवर

मुंबईच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाळकसाहेबांनी विचारलं, "कर्जत-खालापूरच्या गावांत दोन महिने सुवार्ता सांगायला कोण जाईल?" आमच्या ह्यांनी सगळ्यांआधी हात वर केला! हे साठीचे, मास्तरकीतून नुकतेच मोकळे झालेले; मी अठ्ठावन्न. मुलगा म्हणाला, "आई, या वयात?" तोवर मी वळकटी बांधायला घेतली होती. चाळीस वर्षं एकाच चुलीपुढे बसलेल्या बाईला दोन महिने म्हणजे केवढी चैन!

बोरीबंदरहून सकाळची आगगाडी धरावी. कर्जतला घाटासाठी दुसरं इंजिन जोडत होते. ते बघत मी फलाटावर इतकी रेंगाळले की ह्यांना हाका माराव्या लागल्या. कडावपर्यंत बैलगाडीला आठ आणे पडले. पौष महिना, खळ्याखळ्यांवर भाताची झोडणी चाललेली. जाणाऱ्यांनी घोंगडी जरूर न्यावी, पहाटे गारवा फार बोचतो. जेवणाची मात्र चिंता नको. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं, मी रोज एक भाकरी जास्तच खाल्ली.

कडावात हे बोलायचे आणि मी भजनं म्हणायची. लोक ऐकायचे आणि उठून कामाला लागायचे. गाडीवान ह्यांना म्हणाला, "मास्तर, तुमी बोलता झ्याक, पन आमाला कळत काय नाय."

चौथ्या दिवशी कळंबला गेलो आणि तिथून टेकडीवरची ठाकरवाडी चढलो. खळ्यांवरच्या धुळीने ह्यांचा आवाज पार बसला होता. अंगणात बाया जमल्या. ह्यांनी गळ्याला हात लावला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

परक्यांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पाठ केलेलं एकही वचन आठवेना. मग जे माहीत होतं तेच सांगितलं. माझी चार वर्षांची शांता पटकीने गेली. महिनाभर मी देवाशी बोलले नाही, आणि एका सकाळी भात निवडताना आपोआप बोलू लागले.

ढवळी नावाच्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, "तुजा देव गेल्याली पोर परत देतो काय गं?"

"नाही. मला नाही दिली."

"मंग?"

"मी रडत होते तेव्हा तो उठून गेला नाही."

ढवळी सरकून माझ्याजवळ बसली. "माजी दोन गेली," म्हणाली, आणि त्यांची नावं सांगितली. मग दुसरीने सांगितलं, तिसरीने सांगितलं. ऊन कलेपर्यंत मी फक्त ऐकलं. खालच्या गावांत आम्हाला ओंजळीत वरून पाणी मिळायचं; ढवळीने आपल्या ताटलीतली नाचणीची भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.

टेकडी उतरताना मी जवळजवळ पळत होते! "अगं, जपून," हे मागून घोगऱ्या आवाजात सांगत होते.

पुढे खालापूरकडे, चौक गावापासून लोधिवलीपर्यंत, मीच बोलले. आवाज परत आल्यावरही हे म्हणाले, "तूच बोल, मी गातो." ह्यांचं बेसूर भजन ऐकून बाया हसायच्या आणि शेजारणींना बोलावून आणायच्या.

घरी परतलो त्या रविवारी पाळकसाहेबांनी भर मंडळीत विचारलं, "किती जणांनी बाप्तिस्मा घेतला?"

"एकानेही नाही," हे म्हणाले.

खरंच नाही. आमचं बोलणं तिथे किती रुजलं, देव जाणे. पण टेकडीवर ऐकलेल्या त्या नावांसाठी मी रोज प्रार्थना करते, आणि इतकी मोकळी मी तरुणपणीही नव्हते.

"मग दोन महिने झालं तरी काय?" पाळकसाहेबांनी ह्यांना विचारलं.

"मला काय विचारता? बोलली ही."

आमच्या मंडळीत बायकांनी उभं राहून बोलायचा रिवाज नव्हता. मी पदर सावरला आणि उभी राहिले.