पिंपावरचा शब्द
परवा महाडला एमआयडीसीच्या रस्त्याला कारखान्यांतली रिकामी निळी पिंपं विकायला ठेवलेली दिसली आणि तो नाकाला झोंबणारा आंबूस वास आठवला. माझे धाकटे दीर तसलंच पिंप घेऊन आले होते, वर्षाचे तांदूळ भरायला. तेव्हा मी लेकीच्या डिक्शनरीतून रोज पाच अवघड इंग्रजी शब्द पाठ करायचे. सासूबाई म्हणायच्या, "आपल्या कापडे गावात कोणाशी बोलणार हायस गो?" तर त्या पिंपावर लिहिलेलं, 'कोरोझिव्ह'. अर्थ मला ठाऊक होता, लोखंड असो की कातडी, खाऊन टाकणारं. मी तांदूळ भरू देईना. दीर म्हणाले, "तीनदा धुतलंय, वहिनी." सासूबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "ती नाय म्हणते तर नाय." दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना त्यांनीच विचारलं, "आजचे पाच कुठले?" आता शब्द मोबाइलवर बघते, पण पाचच, आणि सासूबाईंना ऐकवायचे तसेच मोठ्यानं वाचते.