अण्णांचं शेवटचं उड्डाण

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर सांडाल. आपल्याच सासऱ्याचं ऑपरेशन मी आपल्याच तोंडानं कसं मोडलं, ते सांगतो. आणि मध्येच हसायचं नाही हं! निदान अंगावर काटा यायला हवा तिथं तरी नाही.

मला एक खूळ आहे, प्लास्टिकची विमानं बनवायचं. किट आणायचं, सुटे भाग चिकटवायचे, घासायचे, रंगवायचे. खेळणी नाहीत हो ती! मॉडेलं म्हणायचं. त्यातही खरी विमानं जशीच्या तशी करण्यात मला गोडी नाही. मला आवडतात ती कधी झालीच नाहीत अशी विमानं. समजा, आपल्या धरमतरच्या खाडीत वायुदलाचा तळ झाला असता तर? इथं कसलं विमान लागलं असतं? पाण्यावर उतरणारं! झालं. नॅट नावाचं एक चिमुकलं लढाऊ विमान घेतलं, चाकं काढून टाकली आणि खाली दोन होडकी बसवली. शेपटीवर मिठागरातला बगळा. नाव, 'खारेपाट स्क्वाड्रन'.

विमान मनातलं असलं तरी त्याचा इतिहास पक्का लागतो. त्यासाठी माझी एक वही आहे. तळावर मेकॅनिक कोण, मोहीम कुठली, सगळं त्यात लिहितो. आणि प्रत्येक विमानाला शेवट हवा, हा माझा नियम. का? अहो, आज ते विमान कुठंच नाही ना? मग ते गेलं कुठं, हे नको सांगायला?

या विमानाचा पायलट म्हणून मी घेतलं अण्णांना. म्हणजे माझ्या सासऱ्यांना. अण्णा रोह्याचे. थोडी शेती, त्यात वाल, आणि दाराशी पिठाची गिरणी. अठराव्या वर्षी वायुदलात भरती व्हायला गेले आणि डोळ्यांच्या तपासणीत बाद झाले. रंगच ओळखता येईनात. आणि आता म्हातारपणी त्याच डोळ्यांत मोतीबिंदू! समोरचा माणूस दिसायचा तो सावलीसारखा, तरी गिरणी स्वतःच चालवायचा हट्ट. गेल्या महिन्यात सदऱ्याची बाही पट्ट्यात अडकली. बाही फाटली म्हणून हात वाचला. पुढच्या वेळी काय? या काळजीनं माझ्या बायकोची, शुभाची, झोप उडाली होती. पेणच्या डॉक्टरांची बुधवारची वेळ घेतली होती. ही चौथी वेळ. आधीच्या तिन्ही वेळी ऐनवेळी अण्णांच्या पोटात दुखलं होतं.

"तुम्हीच सांगा त्यांना," शुभा म्हणाली. "जावयाचा शब्द ते खाली पडू देत नाहीत."

"सांगतो की! आणि हे विमानच भेट देतो. आपल्या नावाचं विमान बघायला माणूस एका पायावर ऑपरेशनला तयार होईल."

बघा, केवढी ही हुशारी!

आता फक्त नाकाडावरचे डोळे राहिले होते. लढाऊ विमानावर शार्कचा जबडा आणि दोन डोळे काढतात ना, तसे. माझ्या हातानं काढले असते तर एक डोळा पेणला आणि एक रोह्याला. म्हणून गेलो जोह्याला. तिथं गणपतीच्या एका ओळखीच्या कारखान्यात एक वयनी आहेत, मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतात. येरागबाळ्याचं काम नाही ते.

वयनींनी विमान उलटसुलट करून बघितलं. "बाकी सगला रंग झाला ना रं? डोलं सगल्यात शेवटाला. डोलं काढलं का मंग काय बी लावाचा नाय. त्यो बगाया लागतो."

"झालंय हो सगळं," मी म्हणालो.

पाच मिनिटांत काढले त्यांनी. पण हात गणपतीचा ना! खाली शार्कचे दात आणि वर दोन शांत, मायाळू डोळे. मी डावीकडे सरकलो, ते माझ्याकडे बघतायत. उजवीकडे सरकलो, तरी माझ्याकडेच. वयनी गालात हसल्या.

पेणला रामवाडीत घरी आलो आणि बघतो तर काय, काचेखाली पायलटचं नाव घालायचं राहिलंय! क्षणभर वयनींचं बोलणं आठवलं. पण म्हटलं, आपण शिकलेली माणसं, कंपनीत शिफ्ट सांभाळतो, आपण कसले घाबरतो? घातलं नाव. 'फ्लाइट लेफ्टनंट विष्णू', म्हणजे आपले अण्णाच. ब्रश उचलला आणि पंखा बंद पडला.

लाइट गेली होती, दुसरं काय! तरीपण मी विमान वहीवर ठेवलं, भिंतीकडे तोंड करून. सकाळी उठून बघतो, तर तोंड माझ्याकडे.

"शुभा, तू फिरवलंस हे?"

"मी कशाला हात लावू त्याला?" असं म्हणून ती फोन घेऊन गॅलरीत गेली. बापाशी रोज अर्धा तास बोलल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

रविवारी विमान नि वही घेऊन निघालो रोह्याला. शेपटीमुळं खोक्याचं झाकण बसेना, म्हणून शुभानं मोटारसायकलवर मागं बसून विमान तान्ह्या बाळासारखं खांद्याशी धरलं, नाक पुढं करून. गाडीच्या आरशात बघावं तर मागचा ट्रक नाही दिसत, दोन डोळे दिसतात! नागोठण्यापर्यंत मी आरशात बघायचंच सोडून दिलं. ट्रकवाल्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पोचलो तर तिथंही लाइट नाही. गिरणी बंद. ज्या घरात दिवसभर घरघर चालते तिथं भर दुपारी अशी शांतता, की स्वतःचा श्वास ऐकू येत होता. अण्णा ओटीवर खुर्चीत बसले होते. मी विमान त्यांच्या हातात दिलं.

ते पंखांवरून बोटं फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "उजवं होडकं जड आहे."

तोल साधायला त्या होडक्याच्या पोटात मी शिशाचा तुकडा चिकटवला होता. वरून बुजवलं, रंग दिला. कुणालाही सांगितलं नव्हतं!

"पाण्यावरून उठताना उजवीकडं ओढायचं ते," अण्णा म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता, खोल कुठून तरी येत होता. "गजा म्हणायचा, साहेब, हात सैल सोडा, ते आपसूक सरळ व्हतंय. चांगला मेकॅनिक. लंगडायचा बिचारा."

गजा! अहो, गजा माझ्या वहीतला! जन्मालाच न आलेला माणूस तो, मी घडवलेला!

"कोण गजा?" सासूबाई आतून बाहेर आल्या.

"खाडीवरच्या तळावरचा."

"गो शुभे!" सासूबाई मटकन खालीच बसल्या. "लग्नाआधी दोन वर्षं मुंबईला कामाला होते म्हणून सांगितलं होतं गो मला! पन्नास वर्षं संसार केला, नि नवरा विमान चालवत होता ते आज कळतंय!"

शेजारचे भाऊ दळण घेऊन दारात उभे होते. "अण्णा मिलिटरीत व्हते?" असं ते जे ओरडले, की पाच मिनिटांत ओटीवर दहा माणसं जमली.

"अहो, असं विमान कधी झालंच नाही!" मी घसा फोडून सांगतोय. "मी मनानं बनवलंय ते!"

"गुपित असणार," भाऊ म्हणाले. "सरकार काय सगळं सांगतंय व्हय?"

"त्या दिवशी धुकं होतं," अण्णा म्हणाले. "पहाटेचं खाडीवर हातभर पुढचं दिसत नव्हतं. गजानं दोर सोडला. म्हणाला, साहेब, आज नका जाऊ."

वहीचं शेवटचं पान, अक्षर न् अक्षर! आणि पुढं काय आहे ते मलाच ठाऊक होतं. विमान धुक्यात शिरतं आणि परत येत नाही. पायलटही येत नाही. ते मी लिहिलं होतं. वर त्याच हातानं, डोळे काढून झाल्यावर, वयनींनी नको सांगितलेलं असताना, विमानावर अण्णांचं नाव घातलं होतं!

"कंचा वार व्हता अण्णा?" भाऊंनी विचारलं.

अण्णांनी विमानाचं नाक माझ्याकडे वळवलं. चार डोळे रोखून बघायला लागले. दोन ढगाळ आणि दोन वयनींचे.

"बुधवार."

वहीत मी बुधवारच लिहिला होता हो! डॉक्टरांची वेळ डोक्यात घोळत होती, म्हणून हातातून उतरला असणार. पण ते तेव्हा सुचतंय कुणाला? मी किंचाळलो, "अण्णा, बुधवारी जाऊ नका! पाया पडतो तुमच्या, बुधवारी घराबाहेर पाऊल टाकू नका!"

शुभाकडे बघितलं आणि मला आठवलं, आपण इथं कशासाठी आलोय ते.

अण्णा आरामात मागं टेकले. आवाज एकदम रोजचा. "ऐकलंत ना सगळ्यांनी? जावईबापू स्वतःच नको म्हणतायत. आता जावयाचा शब्द कसा मोडायचा? फोन लाव गो डॉक्टरला, नाय जमत म्हणून सांग."

"अण्णा!" शुभा कडाडली. "यासाठी वाचून घेत होतात होय माझ्याकडून ती वही?"

मग सगळं बाहेर आलं. दिसत नाही, वेळ जात नाही, म्हणून अण्णा रोज फोनवर तिच्याकडून माझी वही वाचून घेत होते. मी झोपलेला असताना विमानाखालून वही काढायची, वाचायची, परत ठेवायची. विमानाचं तोंड कुठं होतं याचं भान कुणाला?

"आणि होडक्यातलं शिसं?" मी विचारलं.

"चाळीस वर्षं गिरणी चालवतोय, जावईबापू. दळणाचा डबा नुसता उचलून वजन सांगतो. एवढंही कळायचं नाय व्हय?"

ओटी हसून लोळायला लागली. एकट्या सासूबाई हिरमुसल्या. "म्हणजे, नव्हतेच काय विमानात?"

शुभा मात्र हसली नाही. ती अण्णांसमोर बसून रडायला लागली. "हात गेला असता ना अण्णा! तेव्हाही असंच हसला असतात?"

अण्णांचा चेहरा उतरला. ते विमान कुरवाळत राहिले. "भीती वाटते गो मला," ते म्हणाले. "त्या तपासणीच्या खोलीतून एकदा बाद होऊन बाहेर आलोय. परत कुणी डोळ्यात बॅटरी मारायची म्हटलं की पोटात दुखायलाच लागतं. त्यात तुझ्या नवऱ्यानं मला जन्मात पहिल्यांदा पायलट केलं, नि शेवटच्या पानावर बुडवलं! ते पान ऐकलं नि तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आधी मला परत आणा. मग येतो."

मी वहीचं पान टराटरा फाडलं. ओटीवरच मांडी घालून नवीन लिहिलं, दहा माणसांच्या देखत. धुकं विरलं, विमान खाडीत उतरलं, गजानं दोर फेकला, अण्णा चालत घरी आले. अण्णांनी दोनदा वाचून घेतलं.

"ठीक. येतो बुधवारी."

परत येताना मात्र एक गोष्ट मला टोचायला लागली. गजा लंगडतो, हे मी वहीत लिहिलंच नव्हतं. जोह्याहून येताना गाडीवर सुचलं होतं, नंतर राहून गेलं. शुभा म्हणते, मी असं काही वाचलं नाही. नंतर अण्णांना विचारलं, तर म्हणाले, "मी म्हटलं असं? आठवत नाय बुवा." मी तो विषय तिथंच सोडला. तुम्हीही सोडा.

बुधवारी पहाटे धुकं पडलं. रोह्याहून भाड्याच्या गाडीत बसल्यापासून पेण येईपर्यंत अण्णांनी माझा हात सोडला नाही आणि खरं सांगतो, मीही त्यांचा सोडला नाही. ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि अण्णा आमच्या घरी आले. आधी शुभाला जवळ घेऊन बघितलं. "केस पिकले गो तुझे!" म्हणाले, आणि बाप-लेक दोघंही रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

"आता आणा माझं विमान," अण्णा म्हणाले.

मी छाती फुगवून आणून दिलं. त्यांनी ते खिडकीशी नेलं. पुढून बघितलं, मागून बघितलं. एक पंख वर होता, एक खाली. गोंदाचे ओघळ होते. उजवं होडकं कलंडलं होतं. मग ते माझ्याकडे वळले.

"जावईबापू, यात बसवलं होतंत मला?"

"हो अण्णा!"

"मग शेवट कशाला बदललात? यातून कोण परत येणार होतं!"