मारुतीसमोरची गोटी

पंचाण्णव सालच्या हनुमान जयंतीला सिद्धूच्या पाठीतलं हाड मोडल्याचा आवाज साऱ्या वाडीनं ऐकला, असं लोक अजून छातीठोकपणे सांगतात. आवाजबिवाज काही झाला नव्हता. हाडही मोडलं नव्हतं. मणक्यातली गादी सरकली होती, आणि गादी सरकताना आवाज करत नाही. पण गोटी छातीशी आणलेला तगडा गडी एकाएकी तोंड वासून गुडघ्यावर आला, गोटी धपकन मातीत बसली आणि हलगीवाल्याचा हात वरच्या वर थांबला, एवढं मात्र खरं.

गोटी म्हणजे वाटोळा धोंडा. भिगवणच्या अलीकडच्या या वाडीत मारुतीपुढं तो कधीपासून पडून आहे हे कुणालाच ठाऊक नाही. जयंतीला तो उचलायचा आणि खांद्यावरून मागं टाकायचा. सिद्धूच्या आज्यानं टाकला होता, वडलांनी, म्हणजे कुंडलिकतात्यांनी, तरणेपणी टाकला होता. त्यानंतर कुणाला जमलं नाही. मेंढरं गेली, शेती आली, सिद्धू भिगवणला मासळी जोखायच्या काट्यावर कामाला लागला. पण गोटी आपल्या घराण्याची, हे तात्यांच्या डोक्यातून गेलं नाही. दर शनिवारी मारुतीला शेंदूर लावून झाला की वाटीतल्या उरल्यासुरल्या शेंदराचा हात ते गोटीवर फिरवायचे. आमच्याकडं देवाचं उरलेलं टाकून देत नाहीत.

खाटेवर पडलेल्या पोराला बघून तात्या म्हणाले, "माझा बा काय पैलवान नव्हता, मी बी नव्हतो. तरी आमी टाकली. तुलाच काय धाड भरली?"

सिद्धूची बायको यशोदा हातातला तांब्या तसाच धरून सासऱ्याकडं बघत राहिली. पोराच्या पायाला मुंग्या येतात, त्याला धड उठता येत नाही, आणि बाप हे बोलतो! सिद्धूला पाठीची कळ सोसली, हे वाक्य सोसलं नाही. पुन्हा गोटी उचलायची आणि टाकून दाखवायची, हे त्यानं तिथंच मनाशी धरलं.

कळ ओसरल्यावर तो बारामतीला आसावरीताईंकडं गेला. त्या पाठीच्या दुखण्यावर व्यायाम शिकवायच्या. आता जन्मात वजन उचलू नका असं ऐकायची त्यानं तयारी ठेवली होती.

"वजन तर उचलायचंच आहे तुम्हाला," ताई म्हणाल्या. "पण आधी वाकायला शिका."

सिद्धू चाटच पडला. सारा जन्म मेंढरामागं आणि मासळीमागं वाकण्यात गेलेला माणूस, त्याला वाकायला शिकायचं? ताईंनी त्याच्याच हातातली काठी घेऊन पाठीवर उभी धरली. डोकं, पाठ, माकडहाड, तिन्हीला काठी टेकलेली राहिली पाहिजे, आणि तशीच कंबर मागं नेत खाली जायचं. पहिल्याच खेपेला काठी सुटली. कित्येक महिने नुसती काठी, मग व्यायामशाळेतला रिकामा बार, मग त्याला छोट्या प्लेटा. वजन अंगालगत ठेवायचं, हिसका द्यायचा नाही, पायात कळ उतरली की तिथंच थांबायचं.

"आणि तो तुमचा धोंडा नाही उचलायचा," ताईंनी बजावलं. "त्याला धरायला जागा नाही. तो पाठ वाकवल्याशिवाय राहत नाही. शब्द द्या."

सिद्धूनं शब्द दिला. मनातला हट्ट काही सोडला नाही.

सत्त्याण्णवच्या जयंतीला तो मारुतीच्या पाराजवळ गेला तेव्हा यशोदाचा चेहरा पांढराफटक पडला. तात्या नुकतेच गोटीला शेंदूर लावून बाजूला झाले होते, तळहात अजून लालभडक. सिद्धू गुडघ्यात बसला. खाली बोटं घालायला त्यानं गोटी जराशी कलती केली.

काड्कन आवाज झाला, आणि हा आवाज मात्र सगळ्यांनी खरोखर ऐकला. गोटी उकलली. एका बाजूचं कवचच्या कवच निसटून मातीत पडलं.

"खोळ टाकली गं माय! देवानं खोळ टाकली!" म्हाताऱ्या तानूबाईनं हात जोडले. बाकीचे वाकून बघायला लागले. दोन बोटं जाड शेंदूर, थरावर थर. सिद्धूनं उरलेला भागही हातानं मोकळा केला. आतून काळाभोर धोंडा निघाला, घोंगडं काढल्यावर आतला माणूस दिसावा तसा, ओळखू येईना इतका लहान.

सिद्धूनं खोळीचा एक तुकडा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. दिवसभर मासळी जोखणारा हात तो. त्याला काटा लागत नाही. त्याचे डोळे विस्फारले.

"शिसं हाय का काय हे!"

मग एकेकाच्या ध्यानात यायला लागलं. आज्यानं टाकली ती ही काळी गोटी. तात्यांनी टाकली, ती फार तर चिमूटभर शेंदराची. सिद्धूनं छातीशी आणली ती मधल्या साऱ्या वर्षांच्या शेंदराचं ओझं चढलेली, निराळीच होती. सिद्धूच्या अंगाची लाही झाली. दोन वर्षं खाली मान घालून हिंडलो, ते कशापायी? तो बापाकडं वळला.

तात्या स्वतःच्या तळहाताकडं बघत होते.

"मीच," ते म्हणाले. "दर शनवारी. मीच की रं."

सिद्धूनं हातातला तुकडा हळूच खाली ठेवला.

"आता उचल की सिद्धू! आता काय, फूल हाय ते!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हलगी सुरू झाली. सिद्धूनं काळ्या गोटीला हात घातला. ती जमिनीपासून सुटली, अगदी हलकी सुटली, आणि त्यानं ती परत ठेवली.

"न्हाय. बारामतीच्या ताईंना शबुद दिलाय. आन् आता दाखवायचं काय ऱ्हायलंय?"

हलगी पुन्हा थांबली. दिला घास नाकारणाऱ्याकडं बघावं तसं सगळे त्याच्याकडं बघायला लागले.

खोळ त्याच दिवशी उजनी धरणाच्या पाण्यात सोडायची, तोवर कुणी जेवायचं नाही, असं जुन्या माणसांनी सांगितलं. तात्या आपली काठी पाराला टेकवून पुढं झाले आणि मोठ्या तुकड्यावर कमरेतून वाकले.

"तात्या, थांबा! असं न्हाय!"

सिद्धू एवढ्यानं ओरडला की तात्या दचकले. त्यानं त्यांचीच काठी घेऊन त्यांच्या पाठीवर उभी धरली. "ही टेकलेली ऱ्हाऊ द्या. गुडघ्यात बसा. मी ह्या बाजूनं धरतो."

साऱ्या वाडीदेखत तात्या पोराच्या सांगण्यानुसार हळूहळू खाली बसले. काठी यशोदानं धरली. दोघांनी तुकडा अंगाशी घेतला आणि उठायला लागले, तसं ओझं तात्यांच्या हातांना कळलं.

"ह्याच्यासकट," त्यांना धाप लागली होती, "ह्याच्यासकट छातीशी आणलीस तू?"

"व्हय, तात्या."

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि हात गुंतलेले असल्यामुळं त्यांना ते पुसता आलं नाही.