न दिसणारा पासवर्ड

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला अमरावतीचं ते वाचनालय आठवतं. पुस्तकांची यादी संगणकावर घेण्यासाठी तिथे एक फुकट मिळणारा, कुणीही सुधारणा सुचवू शकेल असा ओपन सोर्स डेटाबेस बसवला होता आणि तो शिकवायला मी रोज दुपारी जायचो. ग्रंथपाल मॅडम मूळच्या अकोल्याच्या, कापडवाल्यांच्या घरातल्या; निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. एक दिवस मी पोहोचलो तर त्या डोळे पुसत होत्या. "सर, मले नाही जमत हे. तासभर पासवर्ड टाकून राहिली, पन एक अक्षर उमटत नाही." मी हसून म्हणालो, "तो दिसतच नसतो, मॅडम. टाकायचा आणि एंटर दाबायचं." त्यांनी तसं केलं, डेटाबेस उघडला आणि त्या माझ्यावरच उखडल्या. "मंग हे डेटाबेसच्या वेबसाइटवरल्या त्या शिकाऊ लोकांच्या पानावर काहून नाही लिहिलं? मी सोताले बिनडोक समजून राहिली ना!" मी म्हणालो, "मग काय लिहायचं ते तुम्हीच सांगा." त्यांनी सांगितलं तसं एक वाक्य मी तिथेच बसून इंग्रजीत उतरवलं आणि डेटाबेस बनवणाऱ्यांना पाठवलं : टाइप करताना अक्षरं दिसणार नाहीत, तुमचं काही चुकलेलं नाही. आठवड्याभरात ते त्या पानावर आलं. मॅडमनी पान छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलं. आता मी अकोल्यात हाच डेटाबेस शिकवतो. परवा वर्गातली एक मुलगी पासवर्डच्या त्याच पायरीवर थबकली, तिने पानावरचं ते वाक्य वाचलं आणि मला हाक न मारता पुढे गेली. वर्ग सुटताच मी मॅडमना फोन लावला आणि म्हणालो, "तुमचं वाक्य आज कामी आलं." त्या म्हणाल्या, "येनारच ना, लिहिलं कोनं!"